कोणाला विचारून लिहिलंस?

प्रिय खारू,

पाकीट जाड आहे म्हणून घाबरू नकोस. कुणाला काही झालेलं नाही. तुझ्या आईचा गुडघा होता तसाच आहे, म्हणजे जिना चढताना दुखतो आणि बाजारात फिरताना अजिबात दुखत नाही. मी ठणठणीत आहे. आत पत्राशिवाय आणखी काही कागद आहेत, त्यांना इतक्यात हात लावू नकोस. आधी हे वाच. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मी तुला "जेवलीस का" एवढं विचारतो आणि लगेच फोन आईच्या हातात देतो, हे तुला माझ्याइतकंच माहीत आहे.

तर बातमी अशी की तुझ्या बापाची एक गोष्ट एका मासिकाने पसंत केली आहे. खरंखुरं मासिक, दुकानात विकायला असतं ते. पण ती छापून येईल की नाही हे अजून नक्की नाही. महिनाअखेरपर्यंत ठरायचं आहे, आणि ते ठरवणं माझ्या हातात राहिलेलं नाही. का, ते सांगतोच. त्याआधी तुझे आभार मानायचे आहेत, आणि ते मला घाईत उरकायचे नाहीत. बरेच साठलेत.

निवृत्त झाल्यावर पहिल्या सहा महिन्यांत मी घरातला मिक्सर दोनदा, भिंतीवरचं घड्याळ तीनदा आणि शेजाऱ्यांच्या दारावरची बेल एकदा खोलून पुन्हा जोडली होती. घड्याळातला एक स्क्रू उरला, तो अजून खिडकीत आहे. तुझ्या आईने हात टेकले होते. तू सुट्टीत आलीस, दोन दिवस मुकाट्याने सगळं पाहिलंस आणि तिसऱ्या दिवशी वाचनालयातून लेखनवर्गाचा फॉर्म आणून माझ्यापुढे ठेवलास. मी म्हणालो, मी काय लेखक आहे? तर तू म्हणालीस, "बाबा, पाणीपुरवठ्याच्या ऑफिसला तुम्ही चार-चार पानी तक्रारी लिहिता, त्या वाचून त्यांनाही रडू येत असेल. जरा नीट लिहायला शिका." आई पोट धरून हसली. मी रागावल्याचं नाटक केलं आणि सही केली. लेखनाचा वर्ग मला तूच सुचवावास, तूच, याबद्दल काही विचारायचा धीर मात्र मला झाला नाही.

वर्ग मंगळवारी दुपारी असतो, वाचनालयाच्या माडीवर. बारा खुर्च्या, एक लांब टेबल, एक फळा आणि भिंतीवर कापडाने मढवलेला बोर्ड. पहिल्या दिवशी मी काही लिहिलं नाही, फक्त डुगडुगणाऱ्या तीन खुर्च्यांच्या पायांखाली पुठ्ठा घातला. आमच्या बाई माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहेत, पण त्यांनी नुसतं चष्म्यावरून पाहिलं की मी वही उघडतो. त्यांची रीत अशी की कुणाचं काही छापून आलं की ते कात्रण बोर्डावर लागतं आणि सगळे टाळ्या वाजवतात. आणि कुणाचं "साभार परत" आलं की ते पत्रही बोर्डावर लागतं, आणि तेव्हाही टाळ्या. मला आधी वाटलं, बाईंचं डोकं ठिकाणावर आहे ना? पण त्या म्हणाल्या, "घरी बसलेल्या गोष्टीला नकार येत नाही. बाहेर पडलेल्या गोष्टीलाच येतो." दुसऱ्या महिन्यात मी भंगारात निघालेल्या एका लिफ्टची पितळी घंटा पॉलिश करून टेबलावर आणून ठेवली. तेव्हापासून परत आलेल्या लिखाणाला एक टोला आणि छापून आलेल्याला तीन. खालचे वाचक तक्रार करायचे, आता तेच वर येऊन विचारतात, आज कुणाचं?

बाईंकडे पत्त्यांची एक वही आहे. मला वाटायचं, छापून येणं म्हणजे मोठी मासिकं, आणि तिथे आपल्याला कोण उभं करणार? पण बाई म्हणतात, आपलं लिखाण कुणाच्या हातात पडायला हवं ते आधी ठरवा आणि मग पत्ता शोधा. आमच्यात एक निवृत्त नर्सताई आहेत. त्यांच्या छोट्या कविता आता हॉस्पिटलमध्ये बाहेरच्या बाकांसमोर लावल्या आहेत, नंबर यायची वाट पाहणारे त्या वाचतात. एक शिंपीकाका आहेत. बाह्या उलट्या शिवल्याची त्यांची गंमत सात ठिकाणांहून परत आली. सात वेळा एकेक टोला. आठव्यांदा ती शिलाईचा दोरा बनवणाऱ्या कारखान्याच्या पत्रिकेत आली, आणि काका इतके रडले की घंटा मलाच वाजवावी लागली. दुसऱ्याचं भलं झालं म्हणून इतका आनंद होऊ शकतो हे मला या वयात त्या माडीवर कळलं, खारू. लिफ्ट दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये चाळीस वर्षं काढली, तिथे कुणाला बढती मिळाली की आम्ही त्याची खोडी काढायचो.

बाईंचा आणखी एक नियम आहे, तो लक्षात ठेव. गोष्टीत कुणाचं खरं आयुष्य घेतलं असेल तर पहिली प्रत त्या माणसाला. त्याने वाचल्याशिवाय पाकीट पोस्टात पडायचं नाही.

मागच्या वर्षी बाईंनी प्रत्येकाला स्वतःच्या आवडीचं एक पान आणायला सांगितलं, कुणीही लिहिलेलं. लोकांनी पुस्तकं आणली. मी माझ्या हत्यारांच्या पेटीतला वरचा ट्रे उचलला आणि त्याखालचं घडी घातलेलं पान नेलं. तुझ्या शाळेच्या वार्षिक अंकातलं. "लिफ्टमध्ये अडकलेले बाबा", इयत्ता आठवी. होय, ते माझ्याकडे आहे. पंचवीस वर्षं आहे. एका कोपऱ्याला ग्रीसचा डाग आहे, बाकी स्वच्छ आहे.

मी ते उभा राहून वाचलं. सुट्टीच्या दिवशी बाबांबरोबर आठ मजली ऑफिसात गेलेली मुलगी, चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे थांबलेली लिफ्ट, दीड तास. "बाबा मला म्हणत होते घाबरू नकोस, पण माझ्या हातातला त्यांचा हात थरथरत होता. म्हणून मी त्यांना पाढे म्हणायला लावले. सतराच्या पाढ्यात ते अडकले, मग मी पण अडकले, मग आम्ही दोघं हसलो."  मग शिंपीकाकांनी घंटा ओढून घेतली आणि तीन टोले दिले. तुझ्या नावाने, पंचवीस वर्षं उशिरा. माझ्याने खाली बसवेना. आणि नर्सताईंनी अगदी साधेपणाने विचारलं, "किती गोड लिहिलंय हो. पुढे काय काय लिहिलं तिने?"

पुढे तू काहीच लिहिलं नाहीस. का, ते मी त्यांना सांगितलं नाही, पण तुला आणि मला माहीत आहे. हेडमेकॅनिकचा मुलगा तुझ्याच शाळेत होता. त्याने अंक घरी नेला, बापाने तो वर्कशॉपच्या नोटीस बोर्डावर लावला, आणि मी लिफ्टमध्ये पाय ठेवला की सगळे ओरडायला लागले, "सतराचा पाढा येतो का रे?" माझं नावच "अडकू" पडलं. मी ते पान बोर्डावरून ओरबाडून काढलं आणि तसाच तणतणत घरी आलो. तू दारातच उभी होतीस, अंक हातात घेऊन, मला दाखवायला. शाळेतल्या बाईंनी तुला शाबासकी दिली होती, हे मला नंतर आईने सांगितलं. मी तुला म्हणालो, "घरातलं चव्हाट्यावर मांडलंस. कोणाला विचारून लिहिलंस? आणि हात थरथरत होता म्हणे! धडधडीत खोटं."  अंक दप्तरात ठेवलास. पेन्सिलींचे बारके तुकडे डब्यात साठवायचीस, म्हणून तुला खारू म्हणायला लागलो होतो. तो डबा तू दुसऱ्या दिवशी धाकट्या चुलतभावाला देऊन टाकलास. आता तू औषधांच्या दुकानात बसतेस आणि पाकिटांवर लिहितेस, सकाळी एक, जेवणानंतर एक. तुझं अक्षर अजून तसंच सुरेख आहे.

नर्सताईंच्या त्या प्रश्नावरून मी गोष्ट लिहिली. तुझ्या बाजूने लिहिली, "मी" म्हणून. तेरा वर्षांची मुलगी, दारात उभी, हातात अंक. चार महिने लागले. आधी लिफ्ट कंपनीच्या पत्रिकेला पाठवली, तर त्यांनी आम्ही फक्त सुरक्षेच्या सूचना छापतो म्हणून परत पाठवली. एक टोला. मग बाईंच्या वहीतून त्या मासिकाचा पत्ता मिळाला, आणि गेल्या महिन्यात त्यांचं पत्र आलं. छापून यायच्या आधीच मला तीन टोले मिळाले. बिस्किटं आली, बाईंनी पत्र मोठ्याने वाचून दाखवलं आणि मग सगळ्यांसमोर विचारलं, "लेक काय म्हणाली वाचून?" मी म्हणालो, "आवडली तिला."

धडधडीत खोटं. मी तुला दाखवलीच नव्हती. आज दाखवू, उद्या दाखवू करत पाकीट पोस्टात टाकून मोकळा झालो होतो. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला माझंच वाक्य ऐकू येत होतं, कोणाला विचारून लिहिलंस?

संपादकांच्या पत्रात एक अट होती. गोष्ट आवडली, पण शेवट पटत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. शेवटी ती मुलगी बापाला "जाऊ दे हो बाबा" म्हणते आणि गोष्ट संपते. संपादक म्हणतात, ही मुलगी इतक्या सहज माफ करेल असं आधीच्या पानांवरून वाटत नाही, तेवढा शेवट पुन्हा पाहावा. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून पाच वेळा नवा शेवट लिहिला. आईने पाचही वाचले आणि म्हणाली, "अहो, हे सगळं तुम्हीच बोलताय." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तू मला कधी "जाऊ दे" म्हटलंच नव्हतंस. तुझ्या वतीने मीच मला माफ करून टाकलं होतं, आणि वर ते छापायला पाठवलं होतं. गेल्या मंगळवारी मी वर्गासमोर उभं राहून खरं काय ते सांगितलं. वाटलं होतं, बाई झाडतील. त्यांनी बोर्डावरून संपादकांचं पत्र काढलं, माझ्या हातात दिलं आणि जागा रिकामी ठेवली. नर्सताईंनी फक्त एवढंच विचारलं, तिला पत्र कधी टाकताय?

म्हणून हे पत्र. आतल्या कागदांत ती गोष्ट आहे, पण शेवटचं पान मी काढून घेतलंय आणि त्या जागी कोरं पान ठेवलंय. वाचून झाल्यावर तुला वाटलं तर त्या पानावर शेवट लिही, तुला जसा खरा वाटेल तसा. त्यात माझी गय करू नकोस. मग गोष्टीवर दोघांची नावं जातील, आणि तुझं आधी. नुसतं "छापू नका" एवढं लिहिलंस, तरी तेही मी जसंच्या तसं बोर्डावर लावीन, आणि एक टोला मी स्वतः देईन, मनापासून. काहीच न लिहिता पान परत पाठवलंस तर तेही मला समजेल. तुझ्या त्या निबंधाचं पानही सोबत ठेवलंय. ते तुझं आहे, इतकी वर्षं उगाच माझ्या पेटीत राहिलं. आणि तुझ्या शाळेतल्या बाईंनी दिली तशी शाबासकी त्या दिवशी मी दारातच द्यायला हवी होती, ती आज देतो. निबंध फार चांगला होता, खारू. एक अक्षरही खोटं नव्हतं त्यात. माझा हात थरथरत होता.

तुझाच,
सतराच्या पाढ्यात अजून अडकणारा,
बाबा