रिकामं जातं

परळ,
रविवार, १२ जानेवारी २०२५

प्रिय आकू,

अनेक आशीर्वाद. तू दोन दिवस फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र शेजारच्या शिवाच्या बाबांच्या हाती पाठवते आहे. ते तुझ्या गिरगावातच कामाला येतात. आम्ही ठीक. आईचे गुडघे धरलेत. तू आणि प्रेस्टन बरे असालच.

मी मात्र वैतागले आहे. शाळेत विज्ञान दिनासाठी दुसरीच्या मुलांना फिरणाऱ्या वस्तूंची ऊर्जा शिकवायची आहे. आज शिवा आणि त्याची बहीण स्पृहा यांच्यावर सराव केला. भोवरा फिरवला. म्हटलं, दोरी ओढताना हातातली ऊर्जा भोवऱ्यात गेली. इथपर्यंत माना डोलल्या. भोवरा पडल्यावर शिवा विचारतो, "मग आता ती कुठे गेली?" म्हटलं, जमिनीला घासून तिची उष्णता झाली. त्याने भोवरा उचलून गालाला लावला. "खोटं! गारच आहे." बीएड करून हे ऐकायचं!

मग मी इरेला पेटले. पलंगाखालून जातं ओढलं. जड दगड, हात सोडल्यावरही थोडा फिरतो, एवढं तरी पटेल. दोन फेरे झाले नाहीत तोच आई आतून ओरडली, "रिकामा जाता फिरवू नको गो, घरात भांडणा होतत!"

माझं डोकं सरकलं. "भांडायला उरलंय कोण आता?" बोलून गेले. 

तुझ्या हळदीसाठी तिने ते गावाहून आणवलं होतं. तू प्रेस्टनशी रजिस्टर लग्न करून मोकळी झालीस आणि जातं फडक्यात गुंडाळलं गेलं. तेव्हापासून ती तुझं नाव घेत नाही, तू तिच्याशी बोलत नाहीस, आणि दोघी मलाच विचारता, "बरी आहे ना?" मी काय तुमची टपालपेटी आहे?

तर थोड्या वेळाने आई आली ती ठेचलेली हळकुंडं घेऊन. मूठभर जात्यात टाकली आणि गुडघे विसरून खुंटा धरून बसली. मुलांनीही हात लावला. आता हात सोडला की जातं जागीच थांबत होतं. शिवाने कडेने पडणाऱ्या हळदीत बोट घातलं आणि किंचाळला, "ताई, गरम आहे! सगळं फिरणं हिच्यात गेलं!"

मला इतका आनंद झाला! आईकडे पाहिलं, तर ती डोळ्यांना पदर लावून बसलेली. म्हणाली, हळद उडाली.

संध्याकाळी तिने हळद चाळून पुडी बांधली आणि माझ्या पर्सवर ठेवली. कोणासाठी, ते बोलली नाही. सोबत आहे.

मंगळवारी संक्रांत, तुझी लग्नानंतरची पहिली. 'ये' म्हणून मी सांगणार नाही, कंटाळले मी. पण जातं अजून खोलीच्या मधोमध आहे, हळदीने माखलेलं. दोनदा अडखळले. पुसायला गेले तर आईने फडकं हिसकावलं.

"रवांदे. आकू येतली, ती पुसतली."

तेव्हा येऊन पूस. मला घरात चालायला जागा हवी आहे.

तुम्हा दोघींना कंटाळलेली, तरी तुझीच,
ताई