काकांचा "मी आता?"

प्रिय आत्या,

आधी नमस्कार, मग शालोम. दोन्ही ठेवून घे. शिक्षिका झाल्यापासून माझं एका भाषेत भागत नाही. तुझा गुडघा अजून कुरकुरतो का? इकडे सगळे ठणठणीत. आई शेजाऱ्यांना माझी ओळख "आमची पदवीधर" अशी करून देते (नाव सांगायचं राहून जातं).

सिनेगॉगच्या मागच्या खोलीत मी दर रविवारी लहान मुलांना हिब्रू आणि धर्म शिकवते, हे तुला ठाऊक आहेच. आपल्या घरात सगळ्यांनी प्रार्थना घोकल्या, अर्थ कुणी विचारला नाही. ही पोरं तरी समजून म्हणतील, एवढाच माझा ध्यास. पण विश्वस्तांना ती खोली टेबल टेनिससाठी हवी होती. अध्यक्ष कोण, तर तुझा धाकटा भाऊ, म्हणजे आपले काका! पुतणीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून ते स्वतःच परीक्षा घ्यायला आले, आणि मुलांना काही येत नसेल तर खोली गेली, असं दारातच बजावलं.

पहिल्या बाकावर आमचं बोळकं होतं (पुढचे दात पडलेत, म्हणून हे नाव). काका त्याच्यावर बोट रोखून गरजले, "मी आता?" हिब्रूत 'मी' म्हणजे 'कोण' आणि 'आता' म्हणजे 'तू'. तू कोण, इतका साधा प्रश्न. पण काकांनी तो अशा खणखणीत मराठी आवाजात टाकला की बोळकं शेजारणीकडे बघून म्हणालं, "नाही काका, आधी ही. तुमचा नंबर नंतर." काका लालबुंद. लहानपणी पाठ केलेलं उत्तर त्यांनीच सुरू करून दिलं, "अनी..." आणि अख्खा वर्ग एका सुरात, "आणि काय?"

मला वाटलं, संपलं. घाईघाईनं फळ्यावर लिहिलं : अनी म्हणजे मी. मग मात्र मुलं खो खो हसली आणि एकमेकांना तेच विचारून धडाधड उत्तरं देऊ लागली. काका थोड्या वेळानं मला कोपऱ्यात घेऊन हळूच म्हणाले, "म्हणजे प्रार्थनेतलं 'अनी' म्हणजे 'आणि' नव्हे?" आत्या, जन्मभर हा माणूस देवापुढे 'आणि, आणि' करत उभा होता! देवही बिचारा पुढच्या वाक्याची वाट बघत असेल.

खोली राहिली. काकाही वर्गात बसतात, गुडघे बाकाला आपटत. मी फार सुखात आहे.

तुझी लाडकी भाची

ता. क. खोली राहिली, पण एका अटीवर. महिनाअखेर काकांना अर्थासह एक प्रार्थना आली तर वर्ग चालू. नाही तर "शिकवण्यातच खोट" आणि टेबल टेनिस. आणि काका बोळक्याच्या वहीत बघून लिहितात गं! मला रागावता येत नाही. तू थोरली बहीण, जरा फोन करून झाड.

पुन्हा ता. क. पत्र पेटीत टाकायला काकांकडेच दिलंय. (काका, उघडलंच असेल तर रविवारी 'अनी' दहा वेळा लिहून आणा. स्वतःच्या अक्षरात.)