माडीवरच्या खोलीतला हीट पंप

खलिफा सिटी, अबू धाबी
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

प्रिय एल्रॉय,

तुझा फोन ठेवला की मला नेहमी वाटतं, जे बोलायचं होतं ते राहिलंच. तू भराभर बोलतोस, मागे तुझ्या बेव्हर्लीचा मिक्सर चालू असतो आणि मी नुसती हो हो करते. म्हणून आज मिसाहून आले आणि चहा घेऊन लिहायलाच बसले. तू आजीजवळ वसईला दहावीपर्यंत राहिलास, त्यामुळे निदान एका मुलाला तरी मला मराठीत लिहिता येतं. तुझ्या बहिणीला, त्या शेनॉनला, लिहिलं तर ती पत्राचा फोटो काढून मोबाइलला अर्थ विचारेल, आणि मोबाइल भलतंच सांगेल. तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही, हे माझ्या लक्षात आहे. अबू धाबीचं घर सोडून कायमची तुमच्याकडे अमेरिकेत येणार की नाही, एकदाच काय ते सांग, म्हणालास. सांगते. पण आधी तुझ्या त्या हीट पंपाबद्दल बोलू दे. माझं उत्तर त्यातूनच निघतं.

डिसेंबर संपता संपता तू फोटो पाठवलास. माडीवरच्या खोलीत भिंतीला ती थंडीत ऊब आणि उन्हाळ्यात गारवा देणारी पांढरी पेटी बसवलेली, खाली तू अंगठा दाखवत उभा. तो फोटो पाहिला आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. तू आधीपासून म्हणत होतास की पैसे भरलेत म्हणजे टॅक्समधली सवलत मिळाली. पण मी वाचलं होतं की नुसते पैसे भरून भागत नाही, वर्ष संपायच्या आत यंत्र बसून चालू व्हावं लागतं, आणि पुढच्या वर्षापासून ती सवलतच बंद. तुमचा तो कंत्राटदार एकदा बर्फ पडलाय म्हणून यायचा नाही, एकदा नाताळ आहे म्हणून. तू हसून सोडून द्यायचास. इथे मी नाताळच्या करंज्या तळताना तुझ्या कंत्राटदारासाठी प्रार्थना करत होते. शेनॉन म्हणाली, मम्मी, यू आर प्रेइंग फॉर अ प्लंबर? मी म्हटलं, त्याच्यासाठी नाही, माझ्या मुलाच्या पैशांसाठी.

हे सगळं मला कुठून कळलं असं तुला वाटेल. तुमच्या टॅक्सखात्याची पानं शेनॉनने ऑफिसातून छापून आणली. मी सातवी शिकलेली बाई. माझं इंग्रजी तुझे डॅडी हॉटेलातून शिळे पेपर आणायचे त्यांवर झालेलं, शेजारी डिक्शनरी ठेवून. पण सरकारी लिखाण मला आवडतं. त्यात प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतात, त्यामुळे एकदा नाही कळली तर दुसऱ्यांदा कळते. एक गोष्ट मात्र तू चुकीची धरली आहेस, ती आत्ताच सांगून ठेवते. वीज कंपनीने तुला जो रिबेट, म्हणजे थोडे पैसे परत, दिला तो खर्चातून आधी वजा करायचा, आणि उरेल त्याचे तीस टक्के धरायचे. तू पूर्ण खर्चाचे तीस टक्के धरतोयस. दोन हजार डॉलरच्या वर काही मिळत नाही, तेव्हा तुझ्या सवलतीत फरक पडणारही नाही कदाचित, पण कागदावर चूक नको. आणि ते पैसे कुणी हातात आणून देत नाही, तुझ्या टॅक्समधून कापतात. दोन हजार डॉलर म्हणजे सात हजारांवर दिरहम, म्हणजे पावणेदोन लाखांच्या पुढे रुपये. मी एवढं मोठ्याने म्हटलं तर शेनॉन म्हणाली, मम्मी, स्टॉप कन्व्हर्टिंग. आता ह्या वयात ते थांबणार नाही.

इथे टॅक्सच नाही, तेव्हा सूट कसली देणार. चर्चच्या बायकांना मी सांगितलं की अमेरिकेत घर गरम केलं म्हणून सरकार पैसे सोडतं, तर त्या म्हणाल्या, रोझलिन, आमचं घर तर फुकटच गरम होतं. इथे बचत करायची तर एकच साधन, एसीचा रिमोट. आणि त्या रिमोटबद्दल मला तुला एक सांगायचंय, जे मी घरात कधीच कुणाला सांगितलं नाही.

आपलं घर म्हणजे फ्रीज, हे तू लहानपणापासून म्हणत आलास. मे महिन्याच्या सुट्टीत वसईहून यायचास तेव्हा आजी तुझ्या बॅगेत स्वेटर भरायची, आणि शेजारच्या मुलांना वाटायचं, हा अबू धाबीला चाललाय की काश्मीरला. मम्मीला गरम सहन होत नाही, हे तुम्ही दोघांनी धरलेलंच होतं. डॅडीही पाहुण्यांपुढे तसंच म्हणायचे, आमच्या रोझलिनला जरा उकडलं की झालं, ती मला घराबाहेर काढील. आणि मी हसायचे. एल्रॉय, मला कधीच उकडत नव्हतं. उकडायचं ते त्यांना. हॉटेलच्या बेकरीत सकाळपासून भट्टीसमोर उभा असायचा तो माणूस. घरी आला की शर्टाची बटणं सोडून एसीखाली उभा राहायचा, आणि चेहऱ्याचा लालपणा जाईपर्यंत कुणाशी बोलायचा नाही. रिमोट सोळावर. दोस्त त्यांना चिडवायचे, कॅस्मिर, तू कसला पाववाला, तुला तर ऊन लागतं. ते त्यांना फार लागायचं. म्हणून उकाड्याचं नाव माझ्यावर आलं आणि मी ते राहू दिलं. मला त्यात काही त्याग वगैरे वाटला नाही. नवरा दमून येतो, त्याला गार हवं, मी दोन गोधड्या घेते. संपलं. पायात मोजे घालून झोपायची सवय झाली.

डॅडी गेले, बनी यासच्या दफनभूमीत त्यांना ठेवून आपण घरी आलो, तू आणि बेव्हर्ली आठवडाभराने परत गेलात. त्यानंतर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मी रिमोटला हात लावला नव्हता. मग मे महिन्यात एका दुपारी नुसतं पाहायचं म्हणून सत्तावीसवर नेला. थोड्या वेळाने माझे पाय गरम झाले. मी मोजे काढले आणि लादीवर पाय ठेवून बसले. बरं वाटलं. एवढं बरं वाटलं की मला त्याची लाज वाटली, कारण हे बरं वाटणं कुणाच्या जाण्याने आलंय ते समोर भिंतीवर फोटोत होतं. त्या दिवशी मी रडले पण रिमोट परत खाली नेला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही मी आता एकत्रच ठेवते. कधीतरी त्यांच्या घरी यायच्या वेळेला मी सोळावर करते, गोधडी अंगावर घेऊन बसते. गारठा तोच असतो. मग पुन्हा सत्तावीस करून भात लावते.

आता गंमत ऐक. आपल्या घरात वीज भाड्यातच धरलेली आहे, बिल घरमालक भरतो, हे तुला माहीत आहे. ऑगस्टमध्ये मालकाने एसी पाहायला माणूस पाठवला. यूनुस नाव, आपल्या श्रीवर्धनचा, मुसफ्फाला राहतो. दारातच म्हणाला, चाची, एसी बंद पडलाय आणि तुम्ही सांगितलं नाही, मालक चिडलेत. मी म्हटलं, बंद कुठे, चालू आहे बघ. त्याने आत येऊन एसीसमोर हात धरला, जाळी काढली, बाहेरचा पंखा पाहिला, सगळं ठीक. मग डोकं खाजवत म्हणाला, बिल इतकं खाली आलंय की मालकाला वाटलं मीटर गेला. सुट्टीवर जाताना लोक बुरशी लागू नये म्हणून बंद घरात एसी चालू ठेवून जातात ना, त्या रिकाम्या घरांचं बिलसुद्धा याहून जास्त येतं. मग मला सांगावंच लागलं. मी म्हटलं, यूनुस, मशीन ठीक आहे, माझा नवरा गेला. तो खाली बसला. मी चहा केला, तो त्याने घेतला. कपाकडे बघत म्हणाला, म्हणजे साहेबांना गरम व्हायचं. इतक्या वर्षांत हे ज्याला कळलं तो पहिला माणूस. निघताना म्हणाला, चाची, मालकाला मी सांगतो, मीटर बरोबर आहे, बाईच कमी खातात.

त्याने काय सांगितलं देव जाणे, पण मालकाचा सेक्रेटरी डिसेंबरात आला आणि म्हणाला, मॅडम, तुमचं भाडं वाढवायचं नाही असं साहेबांनी ठरवलंय, इन्शाल्ला तुम्ही राहा. खालच्या मजल्यावरच्यांचं वाढलं. मला तर वाटत होतं, एकटी बाई म्हणून घर खाली करायला सांगतील. मग राहिला व्हिसा. डॅडी गेल्यावर मला जो वर्षभराचा मिळाला होता तो संपला, आणि शेनॉनने मला तिच्या व्हिसावर घ्यायचं मनावर घेतलं. ह्या कार्यालयातून त्या कार्यालयात, अर्ज भरून देणारं टायपिंग सेंटर, विमा, मेडिकल, आणि प्रत्येक ठिकाणी तिने, आईवडील दोघांऐवजी एकच पालक का, ह्याचं उत्तर दिलं. टायपिंग सेंटरातला माणूस मराठी निघाला, आणि तिच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा मराठीत ऐकलं, डॅडी वारले. गेल्या गुरुवारी काम झालं. त्या दुपारी तिने मला बर दुबईला नेऊन मीना बाजारात सुती साड्या घेऊन दिल्या. पातळ. घरात नेसायला.

फोनवर तू मोठ्या उत्साहाने सांगितलंस की माडीवरच्या खोलीला मम्मीसाठी वेगळं युनिट घेतलंय, उन्हाळ्यात तिला सोळावर ठेवता यावं म्हणून, आणि तू ऑफिसात बसूनसुद्धा फोनवरून माझी खोली गार करू शकतोस. मी ऐकलं आणि फोन शेनॉनच्या हातात दिला. तुला वाटलं, मम्मीला भरून आलं. आलं होतंच. बाळा, तू मला नेमकं तेच द्यायला निघालास जे मी आयुष्यभर पांघरूण घेऊन सोसलं, आणि तुझा त्यात एक कणभर दोष नाही. तुला आम्हीच तसं सांगितलं होतं.

तर उत्तर हे. मी कायमची येत नाही. थंडीला भिऊन नाही आणि दफनभूमी सोडवत नाही म्हणूनही नाही, जरी दर महिन्याला मी तिथे जाते आणि जात राहीन. माझ्या घरात किती गार असावं हे मी ह्या वयात पहिल्यांदा ठरवते आहे, आणि मला ते आणखी काही वर्षं ठरवायचंय. जुलैत महिनाभर तुमच्याकडे येईन, तेव्हा त्या खोलीला फोनवरून हात लावू नकोस. एरवी ती खोली बेव्हर्लीला शिलाईला दे. हे तुला केव्हाच सांगितलं असतं, पण तू म्हणाला होतास, मम्मी, तू नाही आलीस तर हा सगळा खर्च वाया. ते मनात रुतून बसलं. माझ्या नाही म्हणण्याने तुझी सवलत बुडणार असती तर मी मुकाट्याने बॅग भरली असती. म्हणून ती पानं मागवली, म्हणून डिसेंबरभर डिक्शनरी घेऊन बसले. घर अमेरिकेत असावं, तुम्ही स्वतः त्यात राहावं, यंत्र वेळेत बसलेलं असावं, एवढ्या अटी आहेत. आईने येऊन राहावं असं कुठेही लिहिलेलं नाही. मी शेवटच्या पानापर्यंत पाहिलं.

तुझीच, आणि सध्या अगदी बरी असलेली,
मम्मी