वहिनी, तुझी पट्टी काळी पाच

प्रिय वहिनी,

काल सोसायटीच्या हॉलमध्ये तुझ्यासाठी भजन ठेवलं होतं आणि मी त्यातून मध्येच उठून आले. दादा कानात म्हणाला, "कुंदा, आज तरी गप्प बस." तू गेलीस त्याला अजून महिना नाही झाला, घरात भांडायचं कोणाशी? म्हणून तुलाच लिहितेय.

आपल्या भजनी मंडळाचे बुवा बोलायला उभे राहिले. तुझी भक्ती, तुझा स्वभाव, सगळं गोडगोड. आणि मग म्हणतात, "शेवटी शेवटी वहिनींचा वरचा सूर टिकत नव्हता. वय झालं, चालायचंच." शेजारच्या हंसाबेननी माझ्याकडे वळून विचारलं, "गला बैठ गया था ना बिचारी का?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली!

टिकत नव्हता? तुझा? अगं, या इंद्रलोक सोसायटीत राहायला आलो तेव्हा मला गायला तूच शिकवलंस. ओट्याला धरून उभी करायचीस. "हनुवटी खाली घे. मान ताणून सूर वर जात नसतो. जबडा सैल सोड, श्वास खाली भर आणि फासळ्या मिटू देऊ नकोस." मी सगळा श्वास पहिल्या झटक्यात उधळायची आणि तू हसायचीस. मग आमटी ढवळता ढवळता स्वतः वरचा गंधार लावायचीस. कुकरची शिट्टी होऊन गेली तरी तो जागचा हलायचा नाही.

पण हे सगळं पेटीच्या काळी पाचमध्ये. ती तुझी पट्टी. मंडळ गायचं बुवांच्या काळी एकमध्ये, त्याहून वर. म्हणजे आपण बायकांनी एक तर गळा फाडायचा, नाहीतर खाली पुटपुटायचं! गोकुळाष्टमीला एक गवळण तेवढी तुझ्या वाट्याची. तू दरवर्षी विचारायचीस, "बुवा, एवढ्यापुरती पट्टी उतरवता का?"

"वहिनी, पखवाज लावून झालाय. एका गवळणीसाठी पुन्हा कोण ठोकत बसणार? घ्या की वरून! टीव्हीवरच्या पोरी बघा कशा वर जातात, लोक एसएमएस करून थकतात."

हातोडीने चार ठोके द्यायचे होते, वहिनी. जेमतेम तीन पट्ट्या खाली. पखवाजाचं कातडं जास्त ताणलं तर फाटेल म्हणून केवढं जपायचे त्याला! आणि तुझा गळा? तो काय फुकट आला होता?

तू घ्यायचीस वरून. सूर लागायचाही, पण रेटून. दोन वर्षांपूर्वी अष्टमीच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या तोंडून शब्द फुटेना. स्वरतंतूंना सूज आलीय, डॉक्टर म्हणाले, आता उंच गाणं बंद. गेल्या वर्षी तू मागच्या रांगेत बसून टाळ वाजवलेस. मी चिडले तर मलाच म्हणालीस, "जाऊ दे गं, देवाचं काम आहे."

का जाऊ दे? काळी एक काय देवाने सांगितली होती? एवढी शहाणी बाई तू, मला उठताबसता सुनावायचीस, आणि तिथे "मग मी नाही गाणार" एवढं तुझ्याच्याने बोलवलं नाही? याचा मला तुझ्यावर राग आहे. तू गेलीस म्हणून तो उतरेल असं समजू नकोस.

काल मी तावातावाने निघाले तर बुवा दारापर्यंत आले. "यंदा वहिनींची गवळण तुम्ही म्हणा," म्हणाले. मी हो म्हटलं.

तर ऐक. अष्टमीला मी पुढे बसणार आणि आधी पट्टी सांगणार, काळी पाच. पखवाजावर हातोडी पडेपर्यंत तोंड उघडणार नाही. पाळणा खोळंबू दे, जन्माची वेळ टळू दे, दादाला डोळे वटारू दे. शब्द देते तुला. माझा गंधार तुझ्याएवढा टिकायचा नाही, मध्येच तुटेल, माहीत आहे मला. पण ते चार ठोके अख्खा हॉल ऐकेल आणि सगळ्यांना कळेल, तू एवढंच मागत होतीस.

तुझी भांडखोर नणंद,
कुंदा