त्याला थोडं खतपाणी

३ मार्च
माफ कर, बाई रोजनिशी. बदली, बांधाबांध, घर लावणं, यात महिनाभर तुझ्याकडे फिरकले नाही. पण घर झकास मिळालंय! मागे शेत, आणि निजायच्या खोलीच्या खिडकीखालीच माझे प्रयोगाचे तीन वाफे. बंद पडलेल्या थर्मामीटर कारखान्याच्या सांडपाण्याने इथल्या मातीत पारा मुरलाय. एका वाफ्याला युरिया, एकाला शेणखत, एक तसाच ठेवायचा. मातीतले जिवाणू कुठे तग धरतात ते बघायचं. वाफे खरं तर घरापासून लांब हवे होते. नळ इथे आहे म्हणून मीच हट्ट धरला. नवरा म्हणाला, बाईसाहेब, त्यांचं झालं की मलाही थोडं खतपाणी घाला.

१९ मार्च
शेणखताच्या वाफ्यात जिवाणूंचा नुसता बुजबुजाट. आनंदाच्या भरात आणखी खत घातलं. हे जिवाणू पारा पचवून त्याची वाफ हवेत सोडतात, हे मला पाठ आहे. तरी खिडकी उघडी. नवऱ्याला उकडतं म्हणून, असं लिहिणार होते. खोटं आहे ते. माझ्या लक्षातच आलं नाही.

२ एप्रिल
खिडकी लावून घेतलीय, तरी काचेवर आतून रुपेरी थर. पुसला. सकाळी पुन्हा, आणि त्यात तळव्याचा ठसा. माझ्या हाताहून मोठा. नवऱ्याच्याहूनही. त्याचा हात थरथरतो, चहा बशीत सांडतो. पारा चढलाय माझा, म्हणून हसला. हिरड्यांना रक्त होतं. म्हणतो, वाफा हाक मारतो, अगदी लाडाने. डॉक्टरांचं नाव काढलं तर लाजून दाराआड लपला. पारा अंगात भिनला की माणूस असा बुजतो, हेही मला पाठ आहे.

९ एप्रिल
सामान बांधलं, आजच निघायचं होतं. तो वाफ्यात अनवाणी उभा, घोट्यापर्यंत आत. ओढलं. हलला नाही. गार वाटतंय, तूही ये, म्हणाला. मदतीला कुणाला तरी फोन करायला हवा, पण नंबर आठवेना. माझेही हात कापतात, म्हणजे पारा माझ्यातही भिनलाय, तेव्हा डोळ्यांवर भरवसा ठेवू नये. तरी लिहिते: माती वर-खाली होते. श्वासासारखी.

एप्रिल —
कमरेपर्यंत गेलाय. हाक मारली की माती उसासते, तो नाही. तोंडात नाण्याची चव. त्याचे डोळे — रुपेरी, आणि खूश, किती खूश — मी कशाला घाबरत होते —

उद्या: त्याला खत घालून वर थोडं पा—