इंजनावरचं कुंकू

कुरुंदा

प्रिय प्रतिक्षा माय,

सगळ्यात आधी आली ती पारुबाई, अन् ती बी पायी, चपला हातात, पदर खोचलेला. मला वाटलं कोणी बाई सोयाबीन काढायचं काम इचारायला आली. मी म्हणलं, बाई, आमचं सोयाबीन कवाच निघालं, दुसऱ्या घरी पाहा. ती म्हणते कशी, काम मागायला न्हाई आले, लेक द्यायला आले! मग दोघीबी अशा हसलो की तुझी माय पिठाच्या हातानं बाहेर आली. पारुबाईच्या मागून तिचा मालक हरिचंद आला, अन् सगळ्यात शेवटी तिचा पोरगा दिपक, घामाघूम, एवढी मोठी मोटारसायकल ढकलत.

कळमनुरीचं स्थळ आलंय तुझ्या धाकट्या भावाला, आपल्या हरीशला. पोरीचं नाव रीता. तिचा फोटो पाहिला मी, डोळे कसे हसरे हायेत, अन् बारावी शिकलेली हाय. आपली माणसं आधी जाऊन पोरगी पाहून आली, आता ते घर पाहायला आले होते. मला इतका आनंद झाला की चहात दोनदा साखर पडली. हरिचंद बिचारा तसाच पिला.

तर गाडीचं सांगते. ती साधी गाडी न्हाई. तिच्या इंजनाला गार ठेवायला आत पाणी फिरत राहतं, अन् ते फिरवायचा पंप गळायला लागला होता. गाव दिसायच्या आत गाडीनं वाफा टाकल्या अन् बसली. आपल्या हरीशला तर होणाऱ्या सासऱ्यासमोर हातचं काम दाखवायचंच होतं. पाहुणे चहा पिऊन राहिले तवर यानं गाडी गॅरेजमधी घेतली बी. तुझ्या बापानं सांगितलं, नांदेडला धाडू. हा म्हणला, बाबा, घरात गॅरेज असून गाडी नांदेडला धाडली तर ते पोरगी काहून देतील? ते बी खरंच हाय म्हणा.

पंपाचं सामान वसमतहून आलं, नवा पंप बसला, गळती गेली. इतवर बराबर झालं. पण ह्या गाडीत तो पंप टायमिंगच्या साखळीवर फिरतो म्हणे, म्हणून पंपाच्या आधी साखळी उतरवावी लागली, अन् ती परत चढवायची राहिली होती. टायमिंग काय असतं ते तूच मला सांगितलं होतं. मी इचारलं, तर तू म्हणलीस, आजी, जात्यावर दोघी बसल्यावाणी असतं. एकीनं ओढलं की दुसरीनं सोडायचं, दोघींनी एकदमच ओढलं तर खुंटा मोडतो. तसंच खाली पिस्टन अन् वर व्हॉल्व. साखळी एक दात जरी चुकीची बसली तरी दोघं एकमेकाला धडकतात अन् व्हॉल्व वाकतो. म्हणून हरीशनं उतरवायच्या आधी चक्राच्या दातावर अन् साखळीच्या कडीवर लाल रंगाचे ठिपके दिले. कंपनीनं कोरलेली बारीक रेघ असते, पण ती त्याला कधी नीट वाचता आली न्हाई. ते तुझं काम होतं. तू वाचायचीस, तो नट खोलायचे पाने द्यायचा.

पाहुणे त्या दिवशी राहिले. सकाळी खंडेनवमी. गॅरेजमधी पाने, हातोड्या, जॅक सगळं धुऊन मांडलं, झेंडूच्या माळा घातल्या. पारुबाई आंघोळ करून आली अन् म्हणली, माझ्या लेकराची गाडी हाय, पयला मान माझा. इंजन तर उघडंच पडलेलं. तिनं ताटातलं कुंकू घेतलं अन् त्या तेलकट चक्राला, साखळीला, जितं बोट पुरलं तितं लावलं. असं मन लावून लावलं जसं नव्या सुनेला मळवट भरून राहिली. हरीश म्हणला, मावशी, तितं नको. ती म्हणली, का रे, इंजनाला देव नसतो का? अन् वरून नारळाचं पाणी शिंपडलं. तुझ्या बापानं हरीशला असे डोळे दाखवले की तो भिंतीला टेकून उभा राहिला. होणाऱ्या सासूचा हात कोण धरणार? मला तर तवा लई कौतुक वाटलं. म्हणलं, बाई भाविक हाय, पोरगीबी अशीच असंल.

पाहुणे जीपनं गेले. सांगून गेले की पुढच्या खेपेला गाडी नेऊ अन् सुपारी बी फोडू. मग हरीशनं चक्र पुसलं, तर कुंकवासंग रंगबी गेला. तेलात सगळं लालच लाल. कोणता ठिपका त्याचा, कोणता पारुबाईचा, कळायला मार्ग न्हाई. त्यानं अंदाजानं साखळी चढवली अन् हातानं इंजन फिरवून पाहिलं. मधीच टक करून अडलं. काढली, परत चढवली, परत टक. आता गाडी चालू करायचं बटन दाबायची त्याची हिंमत होऊन न्हाई राहिली. एकदा दाबलं अन् व्हॉल्व वाकला, तर पाहुण्याची गाडी आपल्या दारात मेली असं होईल, अन् मग कशाची सुपारी? फोनमधी दुसऱ्या गॅरेजच्या ओमप्रकाश मेस्तरीला दाखवलं, तो हसून म्हणला, कुंकू लावलंय तर आता हळदबी लाव. हरीशनं फोन ठेवला. जेवत न्हाई, पोरगं. भाकर ताटात वाळून जाते. काल पाना फेकून म्हणला, आजी, मी हे गॅरेजच बंद करतो, कुठंबी मजुरीला जातो.

तुला फोन करणार होते. पण घरचं नाव काढलं की तू मधीच ठेवतीस. कागद ठेवून दिला तरी परत उचलता येतो, म्हणून लिहून राहिले. तांड्यावरचा भावसिंग जीप घेऊन तुझ्या नांदेडला येऊन राहिला, त्याच्या हाती देते. तुझा राग मला कळतो. गॅरेज तुमी दोघांनी उभं केलं अन् बोर्डावर एकट्या हरीशचं नाव लागलं. तुझा बाप म्हणला, ग्रीसचे हात पाहून पोरीला स्थळ येत न्हाई. तू हात धुतले न्हाईस, बॅग भरलीस. तिकडं मोठ्या गॅरेजात तुला सगळे मॅडम म्हणतात असं भावसिंग सांगत होता. मी ते साऱ्या गल्लीला सांगून आले.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते ऐक. पाहुणे होते तवा पारुबाईनं मला इचारलं, तुमचा नातजावई काय करतो हो? मी म्हणलं, कुणाचा? तर तुझ्या मायनं मला असा चिमटा घेतला की अजून काळा डाग हाय. मग कळलं, तुझ्या बापानं त्यांना सांगून टाकलंय की थोरलीला नांदेडला दिली. बिनलग्नाची थोरली बहीण गॅरेजात काम करते म्हणलं तर स्थळ मोडंल, असं त्याला वाटतं. अन् आज तोच माझ्यापाशी बसून म्हणला, प्रतिक्षाला बोलवू, शनिवारी येईल, खुणा जुळवून देईल अन् अंधारायच्या आत परत जाईल, कोणाला कळणार न्हाई. तो तुला फोन करणार हाय. प्रतिक्षा, शनिवारी येऊ नको. हरीशला मी इचारलं, तो रडला अन् म्हणला, ताई आली तर मी तिच्या हाताखाली पाने देईन, सगळ्यांसमोर देईन, मग लगीन होवो न होवो. मला लई भ्या वाटतं, माय. रीता मनात भरली हाय, अन् पारुबाई उठून गेली तर तुझा बाप माझ्यासंग जन्मभर बोलणार न्हाई. तरी बी तू तुझ्या कामाच्या कपड्यात समोरच्या दारानं ये, अन् पारुबाईसमोर गाडी चालू करून दे. नातजावई न्हाई, नातच हाय, हे तिला मी सांगते. पाहुणे ऐतवारी सकाळच्या जेवणाला येतो म्हणून गेलेत.

तुझीच,
आजी चतुराबाई