चपला-बाहेर धर्माची शेवटची राजधानी

तीर्थस्वरूप काकांना,

जावयाचा खाली वाकून, आणि या खेपेला मानही खाली घालून, नमस्कार. तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? जिना चढताना अजून कुरकुरतो की आता गप्प बसलाय? काकूंचा खोकला गेला असेल अशी आशा आहे. (हे सगळं मनापासून विचारतोय, नियम आहे म्हणून नव्हे. पण नियमही आहेच, तेव्हा दोन्हींचं मिळून एकदाच धरा.)

अक्षर बघून तुम्ही चमकला असाल. हे तुमच्या दादांचं टपोरं अक्षर नाही, त्यांच्या गोदामवाल्या जावयाचं आहे. आत्ता दुपारचे तीन वाजलेत. हे पत्र घेऊन तुमची पुतणी पाचच्या आत तुमच्या दारात हजर होईल. तुम्ही संध्याकाळची चाल करण्याआधी ते वाचावं, एवढ्यासाठी ही सगळी धावपळ. तुम्हाला ठाऊक असलेल्या गोष्टीही मी लिहिणार आहे, त्याबद्दल रागावू नका. गोदामात प्रत्येक खोक्यावर आत काय आहे, कुठून आलं आणि वरची बाजू कोणती हे लिहून लिहून हाताला तेच वळण लागलंय.

तर, सहा वर्षांपूर्वी आमच्या बैठकीच्या खोलीत तुम्ही दोघा भावांनी कॉम्प्युटरवर तो साम्राज्याचा खेळ मांडलात. दिवसाला एकेक चाल, सकाळी दादांची, संध्याकाळी सातच्या आत तुमची. खेळाने दादांना विचारलं, तुमच्या धर्माचं नाव काय? दादा विचार करत बसले, तेवढ्यात तुम्ही विड्याची पानं-बिनं घेऊन बाहेरून चपलांसकट थेट गालिच्यावर आलात आणि सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "चपला बाहेर!" दादांनी तेच टाइप केलं. तेव्हापासून त्या नकाशावर चपला-बाहेर धर्म नांदतोय. त्याची बारा शहरं होती, राजधानीला सासूबाईंचं नाव होतं. तुम्ही फणकाऱ्याने आपल्या धर्माचं नाव ठेवलंत 'आपापलं बघा'.

पुढे वर्षभरात ते शिडीचं प्रकरण झालं. (दादा म्हणतात, तुम्ही शिडी नेली ती आणून दिली नाहीत. तुम्ही म्हणता, दिली. मी गोदामवाला असूनही यात पडत नाही.) तुम्ही दोघं एकमेकांशी बोलेनासे झालात. तेव्हा सासूबाईंनी नियम घातला, की बोलायचं नसेल तर नका बोलू, पण खेळ थांबवायचा नाही. तह, तंटा, धमकी, काय असेल ते पत्रात लिहायचं, आणि पहिल्या ओळीत समोरच्याची तब्येत विचारायची, नाहीतर ते पत्र रद्द. त्या जाऊन दोन वर्षं झाली. पण नियम चालूच राहिला. तुम्ही "बऱ्या बोलाने उत्तरेचं बंदर सोड" असं लिहिता तेव्हासुद्धा वर "तब्येत ठीक असेलच" असतं. दादा ती पत्रं बुटांच्या खोक्यात ठेवतात. तारीखवार.

आता नीट बसून वाचा. दादांना धोका नाही. (हे मुद्दाम आधी लिहितोय. खोक्यावर 'काच' आधी लिहितात तसं.) पण गेले वीस दिवस ते दवाखान्यात आहेत. छातीत कळ आली, धावपळ झाली, ऑपरेशन करावं लागलं. तुम्हाला कळवायला आम्ही निघालोच होतो, पण स्ट्रेचरवरून त्यांनी बोट उगारून बजावलं, त्याला सांगाल तर खबरदार, तो खेळात सूट देईल. आणि माझ्या हातात एक चिठ्ठी कोंबली. तिच्यावर एवढंच होतं: 'रोज सकाळी एक चाल. नवीन काहीही करू नको. फक्त पुढे दाब.'

दोन दिवस मी इमानेइतबारे पुढे दाबलं. तिसऱ्या दिवशी मला पूर्वेकडची रिकामी जमीन दिसली. काका, मी सतरा वर्षं गोदाम चालवतोय. रिकामं कपाट दिसलं की माझ्या तळव्यांना खाज सुटते. एवढी ऐसपैस जागा, शेजारी नदी, आणि सहा वर्षांत तिथे कुणी साधा खांब रोवू नये? मी एक गाव वसवलं. मग त्याला सोबत म्हणून दुसरं. चार दिवसांत चार गावं झाली आणि दादांनी मुंगीसारखा साठवलेला खजिना उतरणीला लागला. नव्या गावाला रस्ता लागतो, शिपाई लागतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. (चिठ्ठीत सांगितलं होतं, म्हणजे न वसवण्याबद्दल. तो मुद्दा वेगळा.)

मग मी काटकसर केली. यादीत पाहिलं तर नऊ पुजारी नुसते बसून पगार खात होते. काढून टाकले. त्याच संध्याकाळी तुमचा प्रस्ताव आला, सीमा खुल्या करा, आम्ही दर चालीला दहा मोहरा देतो. आमच्या गोदामात जो भाडं भरतो त्याला फाटक उघडतात, आत काय आणतो ते तो बघेल. मी सही ठोकली. दुसऱ्या दिवशी त्या फाटकातून तुमचे प्रचारक आत आले, आणि त्यांना अडवणारे पुजारी मी आदल्याच दिवशी घरी पाठवले होते. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला म्हणतात ना, तसं झालं. एकेक शहर 'आपापलं बघा' म्हणायला लागलं. माझी नवी चार गावं तर सर्वांत आधी फुटली. मेल्यांना माझ्याच पैशांनी रस्ते बांधून दिले होते!

आणि दादा दवाखान्यात रोज विचारायचे. नाकात नळी, बाजूला ठोके मोजणारं यंत्र, आणि यंत्रापाशी एक सिस्टर, जिला सगळा मजला तोफ म्हणतो. डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं, यांना कसलाही ताण नको. दादा म्हणायचे, "खजिना?" मी म्हणायचो, आहे की. "धर्म?" मी म्हणायचो, झपाट्याने पसरतोय. (कुणाचा ते विचारलं नाही, मी सांगितलं नाही.) एकदा मला राहवलं नाही आणि पूर्वेच्या एका गावाबद्दल नुसतं सूतोवाच केलं, तर यंत्रावरचा आकडा बहात्तरवरून शंभरावर गेला आणि तोफेने मला दंडाला धरून बाहेर काढलं. जिन्यात बसून राहिलो. एका खेळापायी मी या माणसाला मारणार, असं वाटलं.

आज सकाळची स्थिती सांगतो. चपला-बाहेर धर्माचं एकच शहर उरलंय, राजधानी. तुमचे दोन प्रचारक तिच्या वेशीवर उभे आहेत. आज सातच्या आत तुम्ही चाल केलीत की ती फुटेल, तो धर्म खेळातून कायमचा पुसला जाईल आणि सामना संपेल. दादा उद्या घरी येतायत. हरण्याचं मला काही नाही, काका. पण खेळ संपला की पत्रं संपली. बुटांच्या खोक्यात पुढचं पत्र पडणार नाही आणि तुमची तब्येत कशी आहे हे विचारायला दादांना काही निमित्त उरणार नाही. मला खरी भीती याची आहे.

तुमचं कालचं पत्र मी त्यांच्या वतीने फोडलं, माफ करा. वर नेहमीचं "तब्येत ठीक असेलच" होतं, खाली 'राजधानी सोड' अशी धमकी. पण सहीच्याही खाली, बारीक अक्षरात, तुम्ही लिहिलंय: "दादा, तू असा वेड्यासारखा का खेळतोयस? बरा आहेस ना?" ते वाचल्यावर गप्प बसवेना. म्हणून हा सगळा कबुलीजबाब.

काकूंना नमस्कार. गुडघ्याला शेकत जा.

तुमचा अपराधी,
जावई

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. आज संध्याकाळी तुम्ही फक्त 'पुढे' दाबाल का? एकच चाल. प्रचारकांना म्हणावं, वेशीवर बसून जरा पाय मोकळे करा. बदल्यात पूर्वेची चारही गावं ठेवून घ्या, तशीही ती तुमचीच झालीयत.

आणखी एक ता. क. यातलं दादांना काही कळता कामा नये. वाचून झालं की पत्र फाडून टाका.

शेवटचा ता. क. वेळ सव्वाचार. दादांना एक दिवस आधीच सोडलं. मी पाकीट शोधायला आत गेलो तेवढ्यात ते आले आणि त्यांनी टेबलावरचं हे पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मी पाण्याचा तांब्या हातात धरून उभाच होतो. मला रागावले नाहीत. (पूर्वेचं तिसरं गाव मात्र जागा बघून वसवलंय, असं म्हणाले. मी खोटं सांगत नाही.) मग तुमचं कालचं पत्र मागून घेतलं, ती खालची बारीक ओळ दोनदा वाचली आणि विचारलं, हे त्याने आपणहून लिहिलंय? आता ते सांगतायत आणि मी जसंच्या तसं लिहितोय:

"बरा आहे. तू? प्रचारक मागे घेतलेस तर याद राख, मला कुणाची भीक नको. राजधानी घ्यायची तर इथे ये आणि माझ्या समोर बसून घे. सातच्या आत."

शिडीचा विषय काढणार नाही, असं त्यांनी कबूल केलंय. (आणलीत तर बरं, छताचा पंखा पुसायचा राहिलाय.) दार उघडंच ठेवतोय. फक्त येताना, काका, चपला बाहेर.